‘डोक्यात बसत नाही’ : शाळेत मागे पडणाऱ्या बालकाचे परीक्षण

फेब्रुवारी महिना लागला की आपल्या चिकित्सालयांतून आणि औषधी दुकानांतून एक ठरावीक मागणी सुरू होते, हे वाचक वैद्यमित्रांना सांगावयास नको. ‘परीक्षा आली आहे, पोरासाठी बुद्धीचे काही द्या.’ ब्राह्मी, शंखपुष्पी यांच्या पाकाच्या बाटल्या या दोन महिन्यांत जेवढ्या खपतात तेवढ्या उरलेल्या दहा महिन्यांत मिळूनही खपत नसतील. मागणी करणारा पालक रोगाचे नाव सांगत नाही. तो केवळ ‘डोक्यात बसत नाही’ एवढेच सांगतो. आणि आपणही बहुधा तेवढ्यावरच औषध देतो. ज्वर म्हणून आलेल्या रुग्णास नाडी, जिव्हा, मल, मूत्र न पाहता औषध देणाऱ्या वैद्यास आपण काय म्हणू? अध्ययनात मागे पडणाऱ्या बालकाच्या बाबतीत मात्र ही चूक आपल्यापैकी बहुतेकांनी केलेली आहे. आम्हीही केली आहे, आणि प्रस्तुत लेखाचे निमित्त तीच आहे.

काही वर्षांपूर्वी पाटोदा तालुक्यातील बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वाडीवरून एक आजी आपल्या नातवाला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगा पाचवीत होता. आई-वडील कोयत्यावर गेलेले, त्यामुळे मुलगा आजीपाशी. ‘डाक्टरसाहेब, ह्याला वाचायलाच येईना. मास्तर म्हणत्यात ह्याला डोकं नाही,’ अशी तक्रार. मुलगा अंगाने ठीक, भूक-झोप ठीक, बोलण्यात चुणचुणीत. आम्ही केसपेपरवर ‘मेधामांद्य’ असे निदान लिहिले आणि ब्राह्मी घृत व सारस्वतारिष्ट सुरू केले. आजी दर महिन्याला एस.टी.ने येत आणि पुढील महिन्याचे औषध घेऊन जात. असे आठ महिने चालले. वाचनात तसूभर फरक पडला नाही.

नवव्या महिन्यात आजींनी बोलता बोलता सांगितले की, गावच्या नामसप्ताहात नातू हरिपाठाला टाळ घेऊन उभा राहतो आणि त्याला सगळा हरिपाठ तोंडपाठ आहे. आम्ही त्याला म्हणावयास सांगितले. त्याने एकामागून एक अभंग न अडखळता म्हटले. ते त्याने पुस्तकातून नव्हे, केवळ ऐकून आत्मसात केले होते. काश्यप संहितेत सुवर्णप्राशनाच्या फलश्रुतीत सहा महिन्यांनी बालक श्रुतधर, म्हणजे ऐकलेले धारण करणारा, होतो असे सांगितले आहे. हा मुलगा तर सुवर्णाचा कण न चाटताच श्रुतधर होता! ज्याची स्मृति शाबूत आहे त्याला आम्ही आठ महिने स्मृतिवर्धक औषध पाजत होतो. निदानच चुकले असता औषधाकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी प्रथमच आम्ही त्याच्या दप्तरातील बालभारतीचे पुस्तक काढून त्याला वाचावयास दिले. त्याने पहिला धडा घडाघडा ‘वाचला’. आम्ही चित्रावर हात ठेवला, तसा तो थांबला. धड्यातील मधलेच एक वाक्य दाखविले, ते त्यास वाचता येईना. चित्र पाहून तो पाठ असलेला धडा म्हणत होता. पुस्तक केवळ हातात होते.

शास्त्राने ‘मेधा’ हा एकच कप्पा सांगितलेला नाही, ही गोष्ट आपण पदवीच्या अभ्यासात शिकतो आणि नंतर व्यवसायात विसरतो. धी, धृति आणि स्मृति यांची पृथक् गणना आहे. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात स्मृति उत्पन्न होण्याची आठ कारणे दिली आहेत : निमित्त, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय म्हणजे विरोध, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत. यांतील प्रत्येक कारण जणू एक पायरी आहे आणि प्रत्येक पायरीवर मूल अडखळू शकते. जे मूल फळ्यावरचे पाहूच शकत नाही त्याचे रूपग्रहण कसे व्हावे? जे मन रात्रभर कुस बदलत राहिले, भयाने वा शोकाने ग्रासले, त्याचा सत्त्वानुबंध कसा राहावा? जे मूल सहा महिने शाळेतच नव्हते त्याला अभ्यास आणि पुनःश्रुत कोठून लाभावे? आणि ज्याला ‘घ’ व ‘ध’ यांतील सादृश्य दिसते पण विरोध पकडता येत नाही, त्याचे काय? हा अन्वय आमचा आहे, टीकाकारांचा नव्हे, हे नम्रपणे नमूद करतो. परंतु तपासणीचा क्रम लावण्यास तो आम्हास फार उपयोगी पडला.

प्रथम इंद्रिये. आपल्या भागात कानाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. कान वाहणे हा ग्रामीण पालकांस रोगच वाटत नाही. ‘लहानपणी सगळ्यांचाच वाहतो’ असे उत्तर मिळते. ज्याच्या कानाच्या पडद्यामागे द्राव साठला आहे, अशा मुलाचा तर कान दुखतही नाही आणि वाहतही नाही. त्याला ऐकू येते, पण अर्धवट. घरात मोठ्याने हाक मारली की ‘ओ’ देतो, म्हणून तो बहिरा आहे असे कोणास वाटत नाही. वर्गात मात्र ‘त’ की ‘थ’, ‘स’ की ‘श’ हे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा मुलांना ‘लक्ष नाही’ हा शेरा मिळतो. परीक्षा सोपी आहे. मुलाच्या पाठीमागे एक हात अंतरावर उभे राहावे, त्याचा एक कान हलक्या हाताने झाकावा आणि दुसऱ्या बाजूने कुजबुजत्या आवाजात दोन-तीन शब्द उच्चारून ते परत म्हणावयास सांगावे. मग दुसऱ्या कानाची तीच परीक्षा. शंका आल्यास अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाकडे पाठवावे. तोंड उघडे ठेवून झोपणारे, घोरणारे, सतत सर्दी असणारे बालक याच वाटेचे. त्याची रात्रीची झोप मोडते आणि दिवसा वर्गात डुलक्या येतात. ज्ञान आणि अज्ञान ही दोन्ही निद्रेच्या अधीन आहेत, असे चरकाचार्य सूत्रस्थानात सांगतात, त्याचा प्रत्यय अशा मुलांत येतो.

डोळ्यांचे फार सांगत नाही. सहा मीटरवरचा तक्ता प्रत्येक चिकित्सालयात असावा आणि मुलगा फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो काय, हे पालकांना नव्हे तर मुलालाच विचारावे.

रक्ताचे मात्र सांगितले पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली; त्याआधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५३.८ टक्के होते. शाळेत बसण्यापूर्वीच ज्या बालकाची लोहधातू रिती झाली आहे, त्याचे अवधान टिकणार कसे? पांडुरोगाच्या लक्षणांत आपण थकवा, श्वास, अग्निमांद्य पाहतो. ‘अवधान न टिकणे’ हेही त्यात पाहावयास हवे. हिमोग्लोबिन तपासावे, जंताचे औषध व लोह द्यावे, आणि तीन महिन्यांनी शिक्षकांनाच फरक विचारावा. माती खाणारे मूल दिसले तर ही तपासणी त्याच दिवशी. उंची खुंटलेल्या, बद्धकोष्ठ असलेल्या, सुस्त मुलाची थायरॉइडची तपासणी करावयाची, हे अधिक सांगत नाही.

एक अवस्था मात्र आपल्या हातून वारंवार निसटते. मूल बोलता-बोलता पाच-दहा सेकंद थांबते, नजर शून्यात लागते, पापण्या किंचित फडफडतात आणि पुन्हा काही झालेच नाही असे ते पुढे चालू लागते. असे दिवसातून अनेकदा होते. आई म्हणते ‘तंद्री लागते’, शिक्षक म्हणतात ‘लक्ष नाही’. हा अपस्माराचा एक प्रकार आहे. पडणे नाही, फेस नाही, म्हणून त्याला आपण अपस्मार म्हणत नाही. अशा मुलाला ब्राह्मीवर ठेवून महिने घालविणे हा अपराध होय. त्याला बालरोगतज्ज्ञाकडे वा मज्जातंतुतज्ज्ञाकडे पाठविलेच पाहिजे. योग्य औषधाने बहुसंख्य मुलांत हा प्रकार आटोक्यात येतो आणि तीच मुले वर्गात सावरतात.

इंद्रिये, रक्त, निद्रा ही सर्व ठीक असूनही मूल मागेच असेल, तर आपल्या जिल्ह्यात पुढचा प्रश्न एकच : हे मूल किती दिवस शाळेत गेले?

ऊसतोडीचे गणित आपणांस परिचित आहे. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, काही जण थेट कर्नाटकात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतील कित्येक वाड्या व तांडे त्या काळात रिकामे दिसतात. ज्यांना ठेवावयास घरी कोणी नाही ती मुले सोबत जातात. धाकट्याला सांभाळावयास थोरली लागते, म्हणून मुली अधिक. शाळेचे वर्ष दहा महिन्यांचे धरले आणि त्यातील पाच महिने फडावर गेले, तर चार इयत्ता ओलांडून पाचवीच्या बाकावर बसलेले मूल प्रत्यक्षात दोनच वर्षे शिकलेले असते. त्याला पाचवीचे पुस्तक येत नाही, हा त्याचा रोग नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्याला वयानुरूप वर्गात बसविले, ते योग्यच केले. मध्यंतरीचे मात्र कोणी भरून दिले नाही. साखरशाळा आल्या, हंगामी वसतिगृहे आली, २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेखाली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली. ज्या वाडीवर मूल आजीपाशी राहते तेथे त्याचा पट टिकतो, एवढे आम्ही पाहिले आहे. चिकित्सकाचा प्रश्न मात्र निराळा आहे. समोरचे मूल शिकविले न गेल्यामुळे मागे आहे, की शिकविले जाऊनही?

शिवाय भाषा. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. शाळेत त्याला प्रमाण मराठी भेटते, आणि हल्ली बीड-अंबाजोगाईसारख्या गावांत पालक हौसेने इंग्रजी माध्यमात घालतात तेव्हा तिसरीच भाषा भेटते. अशा मुलाला पहिलीत प्रश्न समजला नाही म्हणून ते मंद ठरत नाही. त्याला त्याच्या घरच्या भाषेत प्रश्न विचारून पाहावा. आम्ही चिकित्सालयात लमाणी समजणाऱ्या कंपाउंडरची मदत घेतो. वर्गात मुके असणारे मूल त्याच्याशी भराभर बोलू लागते, हे अनेकदा पाहिले आहे.

शिकविले गेले नाही आणि शिकता येत नाही, या दोहोंतील भेद कसा ओळखावा? येथे आपल्या निदानपंचकातील उपशय कामास येतो. ज्या व्याधीचे लिंग गूढ आहे त्याची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी, हा आपला सिद्धान्त. येथे उपशय म्हणजे अध्यापन. गुरुजींना विनंती करून, किंवा गावातील एखाद्या शिकलेल्या ताईला सांगून, मुलास दररोज अर्धा तास एकट्याने, अक्षरांपासून शिकविण्याची व्यवस्था दोन-तीन महिने करावी. केवळ शाळा बुडाल्यामुळे मागे पडलेले मूल या अवधीत झपाट्याने वर येते. अक्षरे लागली की शब्द, शब्द लागले की वाक्ये. ज्याला खरी अक्षमता आहे ते मूल तेवढ्याच श्रमात इंचभर सरकते, आज शिकलेले अक्षर उद्या विसरते. दुसरी खूण भावंडांची. आमच्या त्या रुग्णाची धाकटी बहीण त्याच घरात, त्याच आजीपाशी, त्याच शाळेत शिकून दुसरीत असताना सफाईने वाचत होती. म्हणजे शाळा, गरिबी, स्थलांतर ही कारणे दोघांना समान असून अडथळा एकालाच होता.

यास आज वाचन-अक्षमता म्हणतात. इंग्रजी शब्द डिस्लेक्सिया सर्वांच्या परिचयाचा आहे, विशेषतः २००७ च्या ‘तारे ज़मीन पर’ या चित्रपटानंतर. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश चिकित्सकाने चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाचे वर्णन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. तो मुलगा गणितात चांगला होता, बोलण्यात चांगला होता, केवळ लिहिलेला शब्द त्याला कळत नसे. त्या काळी त्यास जन्मजात शब्दांधत्व असे म्हटले गेले. आज आपल्याला ठाऊक आहे की हा डोळ्यांचा दोष नव्हे. बोललेल्या शब्दाचे सुटे ध्वनी करून ते अक्षरांशी जोडण्याचे जे काम मेंदू करतो, तेथे ही अडचण असते. ती बहुधा जन्मतः असते, घराण्यात चालते आणि बुद्धीशी तिचा संबंध नाही. वाचन, लेखन व गणित या तिन्हींतील अध्ययन-अक्षमता एकत्र धरल्यास निरनिराळ्या भाषांतील शाळकरी मुलांत तिचे प्रमाण ५ ते १५ टक्के मानले जाते. चाळीस मुलांच्या वर्गात किमान दोन. आपल्या प्रत्येकाच्या गावच्या शाळेत ती आहेत. आपण त्यांना ‘ढ’ या नावाने ओळखतो. कुलवृत्त विचारताना मात्र सावध राहावे लागते. ‘वडिलांना वाचता येत होते का’ या प्रश्नास आपल्याकडे ‘ते शाळेतच गेले नाहीत’ असे उत्तर येते आणि धागा तुटतो. अशा वेळी शाळा लवकर सोडलेल्या काका-मामांची चौकशी करावी. ‘मार खाऊन खाऊन सोडली’ असे ऐकू आले तर टिपून ठेवावे.

देवनागरीतील ही अडचण इंग्रजीतल्यासारखी दिसत नाही, हे लक्षात घ्यावे. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसल्यामुळे मूल लवकर उघडे पडते. आपल्या लिपीत जसे लिहिले तसे वाचावयाचे असल्याने सौम्य अक्षमता असलेले मूल कसेबसे अचूक वाचते, पण फार सावकाश, एकेक अक्षर दगडासारखे उचलत. चौथी-पाचवीत मजकूर वाढला की ते कोसळते. घ-ध, भ-म, ब-व, प-ष यांची गल्लत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर पण लिहिण्यात आधी येते, तेथे गोंधळ. रफार कोणत्या अक्षरावर द्यावयाचा तेथे गोंधळ. जोडाक्षर आले की ते फोडून वाचणे किंवा गाळणे. पहिली-दुसरीत हे सर्वच मुलांचे होते. तिसरी संपल्यावरही टिकून राहिले तर शंका घ्यावी.

दहा मिनिटांत होणारी परीक्षा आम्ही पुढीलप्रमाणे करतो. पाठ्यपुस्तक द्यावयाचे नाही, कारण ते पाठ असते. ‘टमिरा’, ‘फोगळ’, ‘झुकेणी’ असे निरर्थक शब्द कागदावर लिहून वाचावयास द्यावयाचे. अर्थाचा आधार गेला की खरे वाचन उघडे पडते. नंतर कागद बाजूला ठेवून तोंडी विचारावयाचे : ‘कमळ’ मधला पहिला आवाज काढला तर काय उरते? ‘वाटी’ सारखा ऐकू येणारा शब्द सांग. सात-आठ वर्षांचे सामान्य मूल ‘मळ’ आणि ‘पाटी’ असे चटकन सांगते. वाचन-अक्षम मूल येथेच अडते, आणि येथे तर डोळ्यांचे कामच नाही. शेवटी एखादी गोष्ट आपण वाचून दाखवावयाची व तीवर प्रश्न विचारावयाचे. वाचून दाखविलेले उत्तम समजते पण स्वतः वाचता येत नाही, असा विरोध दिसला की दिशा निश्चित होते. गोष्ट ऐकूनही समजली नाही, रोजचे व्यवहार, खेळ, बोलणे यांतही मूल वयाच्या मागे असेल, तर ती बौद्धिक अक्षमता. तिचा मार्ग वेगळा. ही परीक्षा संशय घेण्यापुरती आहे, निदानाचे प्रमाणपत्र नव्हे.

आता औषधाचे. औषधी दुकानदार बंधूंना हा भाग कदाचित रुचणार नाही.

चरकाचार्यांनी सांगितलेली चार मेध्य रसायने, मंडूकपर्णीचा स्वरस, यष्टिमधूचे चूर्ण, गुडूचीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क, ही आपली ठेव आहे आणि आम्ही ती वापरतो. ब्राह्मीवर प्रौढांत झालेल्या काही अभ्यासांत बारा आठवड्यांच्या सेवनानंतर स्मरणाच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली आहे. परंतु ध्वनी आणि अक्षर यांची न जुळलेली सांधेजोड कोणत्याही घृताने वा अरिष्टाने जुळते, असे आम्हास ना शास्त्रात आढळले ना अनुभवात. सुश्रुताचार्यांनी मेधायुष्कामीय अध्यायात औषधे सांगून झाल्यावर सतत अध्ययन, वाद, अन्य शास्त्रांचे अवलोकन आणि त्या विषयाच्या जाणत्या आचार्यांची सेवा यांना बुद्धिमेधाकर गण म्हटले आहे. ‘गण’ हा शब्द द्रव्यांसाठी वापरावयाचा. तो त्यांनी येथे शिकण्या-शिकविण्यास वापरला. हा गण दुकानात मिळत नाही, म्हणून तो आपल्या चिठ्ठीवर कधी येत नाही.

पुष्य नक्षत्रावरील सुवर्णप्राशनाच्या शिबिरांविषयीही स्पष्ट लिहावेसे वाटते. काश्यप संहितेतील लेहाध्यायात कोणत्या बालकास लेह द्यावा याबरोबरच कोणास देऊ नये याचीही यादी आहे. अग्नी मंद असलेले, अजीर्ण असलेले असे कित्येक बालक तेथे वर्ज्य आहेत. रांगेत उभ्या केलेल्या दोनशे मुलांपैकी कोण वर्ज्य आहे हे कोणी पाहिले? आणि पाचवीतील वाचता न येणाऱ्या मुलाला या रांगेत उभे करणे म्हणजे त्याचे आणखी एक वर्ष घालविणे होय.

शिसे हा विषय तर थेट आपल्या दारात आला आहे. शिशाने बालकाची बुद्धी व अवधान उणावते आणि त्याची सुरक्षित मात्रा कोणतीच नाही, हे आज निर्विवाद आहे. २०२० मध्ये युनिसेफने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे दर तीन बालकांपैकी एकाच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आहे. जुन्या बॅटऱ्या फोडण्याची कामे, शिशाचा रंग, भेसळीची हळद, शिसेमिश्रित कथिलाची कल्हई या त्याच्या वाटा होत. आणि काही वेळा आपली औषधेही. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्यातील अनेकांनी त्यास परकीय कारस्थान म्हटले. आम्हीही तेव्हा तावातावाने बोललो होतो. आज म्हणावेसे वाटते की, बुद्धीसाठी म्हणून दिलेल्या पुडीत शिशाचा अंश जर असेल, तर आपण त्या मुलाच्या बुद्धीचेच मोल घेऊन औषध विकले. वनस्पतिज औषधांसाठी शिशाची मर्यादा दशलक्षांत १० भाग आहे. बालकांसाठीच्या प्रत्येक उत्पादनाच्या बॅचचा तपासणी अहवाल उत्पादकाकडून मागवून घ्यावा, नागभस्मयुक्त कल्प बालकांस देऊ नयेत, आणि लेबल नसलेली, ‘आमच्या घराण्याची’ म्हणून येणारी पुडी दुकानात ठेवू नये.

ओळखीचा घोटाळा जुनाच आहे. ब्राह्मी म्हणून कोठे नीरब्राह्मी तर कोठे मंडूकपर्णी येते. शंखपुष्पी म्हणून विष्णुक्रांता किंवा गोकर्ण गळ्यात पडते. लेबलावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव पाहून माल घ्यावा. वेखंडाबाबत आणखी एक : भारतीय वेखंडातील असारोन या घटकाविषयी विषकारकतेची शंका असल्याने बालकास ते रोज, दीर्घकाळ उगाळून चाटविणे आम्ही बंद केले आहे. आणि जाहिरात. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या अनुसूचीत मेंदूचे विकार आहेत. ‘मतिमंदत्व बरे करणारे’ असा फलक लावणे हा गुन्हा ठरतो.

मग पाठवावे कोठे? २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांत आपलेच बी.ए.एम.एस. बंधू-भगिनी शाळा तपासणी करतात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत अध्ययन-अक्षमता हा विषय आहेच. अंगणवाडी-शाळेच्या धावपळीत तो रकाना बहुधा रिकामा राहतो. खाजगी व्यवसाय करणाऱ्या वैद्याने मुलाचे नाव लिहून त्या पथकास कळविले, तर मुलाला जिल्हा पातळीवरील केंद्रापर्यंत वाट मिळते. वर्तन-समस्या व अवधानाचा अतिरेकी अभाव असणाऱ्यांसाठी मनोविकृतिशास्त्र विभाग. चाचणी मराठीतून व्हावी, हा आग्रह धरावा. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी डाली हा चाचणीसंच उपलब्ध केला आहे. इंग्रजी चाचणीत जिल्हा परिषद शाळेचे मूल नापास झाले, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

सवलतींची माहिती पालकांना नसते, ती आपण द्यावी. अशा मुलांना परीक्षेत सवलत देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६ मध्येच घेतला. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी व कठीण गणिताऐवजी पर्याय अशा त्या सवलती. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तेव्हापासून हजारो मुलांची तपासणी झाली. मराठवाड्यातील खेड्यापर्यंत मात्र हा निर्णय कागदानेही नीट पोहोचला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला २१ दिव्यांगत्वांत स्थान दिले. प्रमाणपत्राची तपासणी साधारणतः आठ वर्षांनंतर होते, पण त्यासाठी शिकविणे थांबवून ठेवावयाचे नाही. अध्यापनाचा प्रकार सांगावयाचा तर : एका वेळी एकच अक्षर, त्याचा आवाज, वाळूत बोटाने गिरविणे, त्या आवाजाने सुरू होणारे घरातले शब्द, दररोज वीस मिनिटे, चुकल्यावर मार नाही आणि सर्वांसमोर मोठ्याने वाचावयास उभे करणे नाही. गुरुजींना एक चिठ्ठी लिहिण्यास आपल्याला दोन मिनिटे लागतात, आणि आपल्या भागात डॉक्टरांच्या चिठ्ठीला अजून मान आहे.

त्या मुलाच्या शाळेस आम्ही अशीच चिठ्ठी लिहिली. कान व डोळे ठीक होते. हिमोग्लोबिन कमी होते, त्यासाठी लोह दिले. बाकी सर्व औषधे बंद केली. आजींना ते पटले नाही. ‘औषधच नाही दिलं तर गुण कसा येणार?’ असे त्या दोनदा म्हणाल्या. गुरुजी तरुण होते, त्यांनी मनावर घेतले. हरिपाठाचे जे अभंग मुलाला तोंडपाठ होते तेच मोठ्या अक्षरांत लिहून, एकेका शब्दावर बोट ठेवून म्हणावयास लावण्याची युक्ती त्यांचीच. आवाज ठाऊक असलेल्या शब्दाचे रूप ओळखणे त्याला सोपे गेले. सहावी संपताना तो नवा परिच्छेद, अडखळत का होईना, स्वतः वाचू लागला. आज तो नववीत आहे. वाचन सावकाशच आहे आणि ते बहुधा तसेच राहील. लेखन अशुद्ध आहे. दहावीच्या सवलतीसाठी लागणाऱ्या तपासणीकरिता त्याला जिल्हा रुग्णालयाने तारीख दिली आहे. त्याच्या जुन्या केसपेपरवरील ‘मेधामांद्य’ हा शब्द आम्ही खोडला असून त्यापुढे ‘स्मृति उत्तम, वाचन-अक्षमता’ असे लिहून स्वाक्षरी व दिनांक घातला आहे.